रंगो बापूजींच्या वेळची ब्रिटिश पार्लमेंट: कोण कुठे बसायचं? (एकांकिकेसाठी माहिती हवी आहे)

नाट्यवेडी_सांगली

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीचा हौशी ग्रुप यंदा रंगो बापूजी गुप्त्यांवर एकांकिका बसवतोय. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली कंपनीनं गादीवरून काढून काशीला धाडलं आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, तिथं चौदा वर्षं झगडले, एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. गाडी अडलीये ती पार्लमेंटच्या प्रवेशावर.

सध्या संहितेत असं आहे: मधोमध सिंहासनावर व्हिक्टोरिया राणी, दोन्ही बाजूंना खासदार, मागे बिग बेनचे टोले, आणि रंगो बापूजी समोर उभे राहून खणखणीत भाषण करतात. दिसायला झकास आहे, पण स्पर्धेत परीक्षक इतिहासवाले निघाले तर आमची पंचाईत व्हायची.

माझे प्रश्न:
पंतप्रधान कोण होता? कुठल्या पक्षाचे किती लोक होते? निवडून कोण द्यायचं? लॉर्ड जॉन रसेल नावाचा माणूस लॉर्ड असून कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या खालच्या सभागृहात, कसा काय बसायचा? आणि महत्त्वाचं म्हणजे खलनायक कोणाला करायचं? आमचा दिग्दर्शक म्हणतो, व्हिग म्हणजे उदारमतवादी, टोरी म्हणजे साम्राज्यवादी, टोऱ्यांना काळे कोट घाला, विषय संपला. मला ते पटत नाहीये, पण सांगायला हातात काही नाही.

कलाकार एकूण अकरा, त्यातले दोघे मावळे म्हणूनच बरे दिसतात. बजेट विचारू नका.

माचीपेठकर

ताई, आधी राणीला घरी पाठवा.

१६४२ साली पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला कॉमन्समध्ये घुसला होता. तेव्हापासून सभागृह भरलेलं असताना कुठलाही राजा किंवा राणी तिथं पाय ठेवत नाही. व्हिक्टोरिया यायची ती अधिवेशन उघडायला, आणि तीही लॉर्ड्समध्ये, सरदारांच्या वरच्या सभागृहात. कॉमन्सवाले तिथं जाऊन कठड्याशी उभं राहून तिचं भाषण ऐकायचे. म्हणजे मधली खुर्ची स्पीकरची. १८३९ ते १८५७ स्पीकर एकच, चार्ल्स शॉ-लेफेव्हर. विग, काळा झगा. एक कलाकार तिथं खर्ची पडला.

बिग बेनही काढा. ती घंटा १८५९ साली वाजायला लागली, तोवर रंगो बापूजी परत येऊन सत्तावन्नही होऊन गेलं होतं. १८३४ च्या ऑक्टोबरात जुनं पार्लमेंट जळालं. रंगो बापूजी पोचले तेव्हा तिथं परांच्या, दगडांचे ढीग आणि गवंडी. लॉर्ड्सची जुनी खोली कशीबशी दुरुस्त करून त्यात कॉमन्स भरायची. १८४७ मध्ये लॉर्ड्सचं नवं दालन तयार झालं, कॉमन्स १८५२ मध्ये नव्या जागेत कायमची गेली. तेव्हा तुमच्याकडे सेटला पैसे नसतील तर उत्तमच, इतिहासाला धरून होईल. साध्या बाकांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. स्पीकरच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक.

तिसरी गोष्ट तुमच्या नायकाला लागणार आहे. बाहेरच्या माणसाला सभागृहात उभं राहून असं भाषण ठोकता येत नव्हतं. अर्ज द्यायचा तोसुद्धा एखाद्या सदस्यामार्फत, आणि असे अर्ज दरवर्षी हजारोंनी यायचे. वकिलानं पाहुण्यांच्या गॅलरीत बसायचं, तेही सदस्याची चिठ्ठी मिळाली तर. मी साताऱ्याला कोर्टात बेंच क्लार्क होतो. पक्षकार मागच्या बाकावर बसलाय, त्याच्याच आयुष्याबद्दल पुढे इंग्रजीत काहीतरी चाललंय आणि तो नुसता वकिलाच्या पाठीकडे बघतोय, हे मी रोज पाहिलेलं आहे. तुमच्या रंगो बापूजींना गॅलरीत बसवा. भाषणापेक्षा ते जास्त लागेल.

आता माणसं. चौदा वर्षांत पंतप्रधान बरेच झाले: मेलबर्न, पील, रसेल, मग १८५२ मध्ये काही महिने डर्बी, आणि शेवटी ॲबरडीन. एकांकिकेत एवढे कोंबू नका. १८४७ ची पार्लमेंट घ्या. कारण तारखा बघा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात निवडणूक झाली. १४ ऑक्टोबरला प्रतापसिंह महाराज काशीत वारले. नोव्हेंबरात नवं सभागृह भरलं. ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्यात गादीवर असलेले धाकटे बंधू अप्पासाहेब वारले, दत्तक मागे ठेवून. दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करायचं डलहौसीनं ठरवलं आणि १८४९ च्या सुरुवातीला लंडनहून त्यावर मोहोर उठली. सगळं एकाच सभागृहाच्या डोळ्यांदेखत.

जागा होत्या ६५६. पूर्वी ६५८ होत्या, सडबरी गावानं इतकी लाचखोरी केली की १८४४ मध्ये त्याचे दोन्ही सदस्य काढून घेतले. टोरी नावाचे सगळे मिळून सव्वातीनशेच्या आसपास, व्हिग आणि त्यांच्या गोतावळ्यातले तीनशेच्या थोडे खाली, बाकी आयरिश. आकडेवारी पुस्तकागणिक हलते, कारण पक्षाचा व्हिप आजच्यासारखा नव्हता, माणूस नेमका कोणाचा हे त्याचं त्यालाच माहीत. मग टोरी जास्त असून सरकार व्हिगांचं कसं? तर १८४६ मध्ये पीलनं परदेशी धान्यावरची जकात उठवली आणि पक्ष उभा चिरला. पीलचे लोक शंभराच्या आतबाहेर, त्यात पुढे पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन. ते वेगळे बसले. जकात ठेवा म्हणणाऱ्यांचं पुढारपण लॉर्ड्समध्ये स्टॅन्लीकडे (हाच पुढचा डर्बी), कॉमन्समध्ये आधी लॉर्ड जॉर्ज बेंटिंककडे आणि त्यानं ते सोडल्यावर हळूहळू डिझरायलीकडे. भावकीच्या या भांडणात रसेलचं अल्पमतातलं सरकार १८५२ पर्यंत तगलं, पील आणि त्याच्या लोकांच्या मेहेरबानीवर.

रसेलचं उत्तर: तो बेडफर्डच्या ड्यूकचा तिसरा मुलगा. धाकट्या मुलांना नावापुरतं लॉर्ड म्हणायचे, वरच्या सभागृहाची जागा थोरल्याला. म्हणून हा लंडन सिटीमधून निवडून यायचा. बेंटिंकचंही तसंच. परराष्ट्रमंत्री पामर्स्टनची तऱ्हा आणखी वेगळी, त्याची सरदारकी आयर्लंडची, तिनं लॉर्ड्समध्ये आपोआप जागा मिळत नसे, म्हणून तो टिव्हरटनचा खासदार. रसेलसाठी तुमच्यातला सगळ्यात ठेंगणा नट घ्या, तो उंचीनं लहान होता आणि व्यंगचित्रकारांनी त्यावरून त्याला कायम पिडलं.

मतदार म्हणाल तर इंग्लंड-वेल्समध्ये पाच प्रौढ पुरुषांमागे साधारण एक. शहरात वर्षाला दहा पौंड भाड्याच्या लायकीचं घर हवं. बायका नाहीत. मत उघड्यावर, गुप्त मतदान १८७२ ला आलं. खासदाराला पगार १९११ पर्यंत नाही, उलट उभं राहायलाच मिळकत दाखवायची, परगण्यातून ६०० पौंड वर्षाची, शहरातून ३००. मँचेस्टरला दोन खासदार आणि हार्विच नावाच्या इवल्याशा बंदरालाही दोन. हे हार्विच लक्षात ठेवा.

विश्रामबागकर

माचीपेठकर काका, नमस्कार. सडबरीचा उल्लेख आला म्हणून एक भर घालतो. १८४१ मध्ये त्या सडबरीतून निवडून आलेल्या दोघांत एक होता डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे, सरधन्याच्या बेगम समरूचा वारस. हिंदुस्थानी रक्ताचा पहिला खासदार तोच. लोक दादाभाई नौरोजींचं नाव घेतात, ते १८९२ चे. १८४२ मध्ये लाचखोरीपायी सोंब्रेची निवडणूक रद्द झाली. म्हणजे रंगो बापूजी लंडनमध्ये अर्ज घेऊन फिरत होते तेव्हा काही महिने एक हिंदुस्थानी माणूस त्या बाकांवर बसलेला होता! नाटकात घाला की.

माचीपेठकर

घालू नका. सोंब्रे बरोबर आहे, पण त्याचा साताऱ्याशी संबंध काय? नाटकात आला की प्रेक्षक त्याच्याकडून काहीतरी अपेक्षा करणार.

गावभाग_७१

वादासाठी वाद घालत नाही, पण दिग्दर्शकाचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. साताऱ्याच्या बाजूनं उभे राहिले कोण? जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन. दोघेही जहाल सुधारणावाले. मँचेस्टरचा जॉन ब्राइट हिंदुस्थानच्या कारभारावर बोलायचा, तोही त्याच गोटातला. म्हणजे पक्षाचा, निदान विचारांचा, संबंध होताच ना? असे पन्नास-शंभर जण जास्त असते तर निकाल फिरला असता.

माचीपेठकर

गावभाग, ह्यूम आणि थॉम्प्सन यांच्याबद्दल शंभर टक्के मान्य. ह्यूम तर मजेशीर माणूस. तरुणपणी कंपनीच्या फौजेत डॉक्टर, इथल्या भाषा शिकलेला, बक्कळ पैसा करून परत गेला आणि उरलेला जन्म सरकारी हिशेबातली दिडकी न् दिडकी तपासण्यात घालवला. साताऱ्याचा विषय त्यानं सभागृहात एकदाच नाही, पुन्हा पुन्हा काढला. थॉम्प्सन गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता, द्वारकानाथ टागोरांबरोबर कलकत्त्याला येऊन गेलेला, १८४७ मध्ये टॉवर हॅम्लेट्समधून निवडून आला. ताई, या दोघांत तुमचे दोन चांगले आवाज जाऊ द्या.

पण जहाल असणं पुरत नव्हतं, त्याचा पुरावा समोरच्या बाकावर बसला होता. सर जॉन हॉबहाउस. कवी बायरनचा जिवलग, त्याच्या लग्नात शेजारी उभा राहिलेला. तरुणपणी इतका जहाल की एका पत्रकापायी याच कॉमन्सनं त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं होतं. हा माणूस १८३५ पासून १८४१ पर्यंत बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष, म्हणजे हिंदुस्थानचा मंत्री. मधे पीलचं राज्य. १८४६ ते १८५२ पुन्हा हाच! १८३९ मध्ये प्रतापसिंहांना काढलं तेव्हा लंडनच्या खुर्चीत हॉबहाउस, आणि राज्य खालसा झालं तेव्हाही हॉबहाउस. १८३९ चा निर्णय चुकला असं १८४८ मध्ये म्हणायचं तर स्वतःच्याच सहीवर काट मारायची. वरिष्ठ कोर्टात अपील गेलं आणि तिथं बढती मिळून आलेले तेच साहेब बसलेत, असा प्रकार.

गंमत पुढे आहे. १८४७ च्या निवडणुकीत हा मंत्री नॉटिंगहॅममध्ये पडला, पाडलं कोणी तर फर्गस ओकॉनरनं, सर्वांना मत द्या म्हणणाऱ्या चार्टिस्टांच्या पुढाऱ्यानं. तरी मंत्रिपद गेलं नाही. महिनोन् महिने कॉमन्समध्ये हिंदुस्थानचा मंत्रीच नाही. १८४८ मध्ये त्याला आणलं हार्विचमधून. तेच इवलंसं बंदर, पैसे चारून निवडून येण्यासाठी बदनाम.

आता टोऱ्यांचं बघा. डलहौसी पीलच्या मंत्रिमंडळातला, त्याला गव्हर्नर जनरल करून पाठवलं व्हिग रसेलनं. आणि पीलचं सरकार १८४१ ते १८४६ पाच वर्षं भरभक्कम बहुमतात होतं, त्यांनी महाराजांना काशीहून हलवलं का? नाही. व्हिगनं केलेलं टोरीनं निस्तरलं नाही, टोरीच्या माणसानं केलेलं व्हिगनं उचलून धरलं. कोट कोणाला काळा घालणार?

शिवाय कंपनीची माणसं सभागृहातच बसलेली. महाराजांना काढणारे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक, ते त्याआधी कंपनीचे अध्यक्ष आणि सँडविचचे खासदार. ह्यूम बोलायला उठला की उत्तराला सर जेम्स हॉग असायचे, तेही कंपनीचे डायरेक्टर आणि खासदार. उलट मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क दत्तक मान्य करा असं लिहून गेले, त्यांचं कोणी ऐकलं नाही.

नाट्यवेडी_सांगली

काका, दंडवत! आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकल्यापासून दिग्दर्शक गप्प आहे. हॉबहाउस तर लिहायलाच घेतला. पण मग एक सांगा, प्रवेशात घडतं काय? ह्यूम बोलतो, हॉग उत्तर देतो, रंगो बापूजी गॅलरीत. मतदान होऊन हरतात का? क्लायमॅक्स हवा ना.

माचीपेठकर

क्लायमॅक्स कोरममध्ये आहे.

त्या काळचा नियम असा: ६५६ पैकी ४० हजर असले की सभागृह चालतं. कोणीही सदस्य उठून स्पीकरला म्हणू शकतो, चाळीस भरत नाहीत. मग स्पीकर स्वतः मोजतात. कमी भरले तर सभागृह तिथल्या तिथे उठतं आणि चाललेला विषय पडतो. मतदान नाही, हार नाही, काही नाही. हिंदुस्थानचा विषय निघाला की बाकं रिकामी होणं हे त्या काळी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. मेकॉलेनं १८३३ मध्येच त्यांना सुनावलं होतं की लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्सला एखाद्याचं डोकं फुटलं तर इथं जी खळबळ माजते ती हिंदुस्थानातल्या तीन लढायांनी माजत नाही.

आणि १८४८ मध्ये त्यांच्या डोक्याला ताप कमी नव्हता. आयर्लंडमध्ये दुष्काळ. अप्पासाहेब वारले त्याच्या पाचव्या दिवशी, १० एप्रिलला, लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर चार्टिस्टांची प्रचंड सभा, सरकारनं म्हाताऱ्या सेनापती वेलिंग्टनला बंदोबस्ताला बसवलेलं. साताऱ्याची बातमी घेऊन टपाल तेव्हा सुएझलाही पोचलेलं नसेल.

तुमच्याकडे अकराच माणसं आहेत ना? बास झाली. प्रत्येक भाषणाला दोन-दोन जण उठून जाऊ द्यात. शेवटी ह्यूम, हॉबहाउस आणि स्पीकर उरले पाहिजेत. स्पीकरनं मोठ्यानं मोजायचं. पहिल्यांदा प्रेक्षक हसतील, हसू द्या.

प्रत्यक्षात साताऱ्यावरून खरी खडाजंगी पार्लमेंटपेक्षा लेडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत झाली. तिथं एक हजार पौंडांच्या भागाला एक मत, दहा हजारांना चार, त्याच्या वर कितीही असले तरी चारच. तिथं साताऱ्याच्या बाजूनं साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, राहिलेले जनरल ब्रिग्ज उभे राहिले. आणि लॉडविक. महाबळेश्वरला ज्यांच्या नावाचा पॉइंट आहे ते. महाराजांच्या चौकशी समितीत तिघांपैकी एक हेच होते, आणि पुढे लंडनला जाऊन महाराजांच्या बाजूनं बोलले. पॉइंटवर फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे. जमलं तर एक छोटा प्रवेश तिथला करा, मोठ्या सभागृहापेक्षा सोपा आहे, एक लांब टेबल पुरे.

विश्रामबागकर

मोजणीची कल्पना भारी आहे. पण शेवट तिथं करणार का? साताऱ्याच्या गेंडामाळावर करायला हवा. सप्टेंबर १८५७, सतरा जणांना मृत्युदंड, त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम. साताऱ्याच्या चार भिंती या हुतात्मा स्मारकाचा स्लाइड मागे लावता येईल.

नाट्यवेडी_सांगली

तो शेवट पहिल्या खर्ड्यात होता. सगळ्यांनाच सुचतो म्हणून ठेवायला धजत नाहीये. बघू, तालमीत ठरवू.

काका, शेवटचा त्रास. वेशभूषा काय ठेवू? आणि डलहौसी दाखवू का? एक मुलगा हट्ट धरून बसलाय, आरशासमोर मिशा लावून बघतोय.

माचीपेठकर

डलहौसी कलकत्त्याला, त्याला लंडनच्या प्रवेशात आणू नका. फार तर त्याचं पत्र हॉबहाउसच्या हातात द्या. त्या मुलाला हॉबहाउस करा, भूमिका मोठी आहे.

मिशा काढायला लावा. दाढी-मिशांची टूम क्रायमियाच्या लढाईनंतर आली. १८४८ चे हे लोक बहुतेक गुळगुळीत, फार तर कानांपासून गालावर उतरलेले कल्ले. गडद लांब कोट, उंच कॉलर, गळ्याला गुंडाळलेला रुमाल. उंच हॅट सगळ्यांना लागेल. बसलेला सदस्य हॅट डोक्यावर ठेवतो, बोलायला उठला की काढतो. पुठ्ठ्याच्या केल्यात तर काळा सॅटिन चिकटवा, लांबून ओळखू येत नाही. रंगो बापूजींना मात्र पागोटं आणि अंगरखाच राहू द्या. स्पीकरचा विग विकत घेऊ नका, सांगलीत नाटकाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडे ऐतिहासिक नाटकातला इंग्रज न्यायाधीशाचा विग असतोच, तोच चालेल.

प्रयोगाची तारीख इथं टाका. एसटीनं येईन.